जाहिरात टाळणारा चोर नव्हे

जाहिराती टाळणारा प्रेक्षक कार्यक्रमाची चोरी करतो, हा आरोप आज ब्राउझरमध्ये अ‍ॅडब्लॉकर बसवणाऱ्यांवर होतो. २००२ साली अमेरिकेतील टर्नर ब्रॉडकास्टिंग या वाहिनीसमूहाचे प्रमुख जेमी केलनर यांनी तो उघडपणे केला होता. जाहिराती पाहायच्या हा करार आहे, त्या ओलांडणे म्हणजे चोरी, असे त्यांनी एका मुलाखतीत सांगितले. मधल्या वेळात लघुशंकेला जाणाऱ्याचे काय, या प्रश्नावर तेवढी थोडीफार सवलत देता येईल, असे त्यांचे उत्तर होते.

हे उत्तर हसण्यावारी नेऊ नये. सवलत मालकच देऊ शकतो. म्हणजे माझ्या घरात बसून मी कुठे पाहावे, यावरही मालकी दुसऱ्याची! प्रेक्षकाने असा करार केला कधी? वाहिनीचा करार जाहिरातदाराशी असतो. त्यात तिने प्रेक्षकाची नजर परस्पर विकली असेल, तर त्याची जबाबदारी प्रेक्षकावर येत नाही.

केलनर यांचा रोख रिप्लेटीव्हीसारख्या यंत्रांवर होता. सोनिकब्लू कंपनीचा हा रेकॉर्डर टीव्हीवरचा कार्यक्रम साठवायचा आणि पुन्हा दाखवताना जाहिराती आपोआप गाळायचा. २००१ मध्ये बड्या वाहिन्यांनी कंपनीला कोर्टात खेचले. निकाल लागण्याआधीच, २००३ मध्ये, तिचे दिवाळे निघाले आणि नव्या मालकाने पुढच्या मॉडेलमधून ही सोय काढून टाकली. २०१२ मध्ये डिश नेटवर्क या उपग्रह टीव्ही कंपनीने जाहिराती गाळणारी तशीच सोय ‘ऑटोहॉप’ नावाने आणली. फॉक्स वाहिनीने तिच्याविरुद्ध मागितलेला तात्पुरता मनाई हुकूम अपील न्यायालयानेही नाकारला. तरी शेवटी तडजोडी झाल्या: एबीसीचे कार्यक्रम ३ दिवस आणि फॉक्सचे ७ दिवस उलटल्याशिवाय ऑटोहॉप चालणार नाही. प्रेक्षकाचा हक्क कायद्याने हिरावला नाही. तो कंपन्यांनी आपापसांत वाटून घेतला. त्या वाटाघाटीत प्रेक्षकाला कुणी बोलावलेही नव्हते.

मात्र केलनर यांची एक गोष्ट मला नाकारता येत नाही. जाहिराती पाहणार नसाल तर पैसे तुम्हालाच मोजावे लागतील, असे ते म्हणाले होते. तसेच झाले. आणि पुढे जे झाले ते त्याहून वाईट. ओटीटी मंचांची वर्गणी भरणाऱ्यालाही जाहिराती आल्या. भारतात १७ जून २०२५ पासून प्राइम व्हिडिओवर त्या सुरू झाल्या. नको असतील तर वर्षाला आणखी ६९९ रुपये. म्हणजे जाहिरात टाळणे ही चोरी नव्हतीच, तो विकण्याजोगा माल होता. ज्याला परवडते त्याने शांतता विकत घ्यावी, बाकीच्यांनी साबण आणि गुटख्याच्या छुप्या जाहिराती पाहाव्यात. आपोआप जाहिरात गाळणाऱ्या यंत्राचे मी समर्थन करतो ते सर्वांच्या हक्कासाठी. तो हक्क ऐपतीवर मोजला जाणार असेल, तर नुसत्या यंत्राची बाजू घेऊन भागणार नाही.

आपल्या केबल नियमांत ताशी १२ मिनिटांची मर्यादा आहे: १० मिनिटे जाहिराती, २ मिनिटे वाहिनीची स्वतःची प्रसिद्धी. वर्गणी घेणाऱ्या ओटीटी मंचांनाही अशी मर्यादा लागू करा, आणि घरी साठवलेला कार्यक्रम कसा पाहायचा हे ठरवण्याचा अधिकार प्रेक्षकाचाच राहील, असे कायद्यात स्पष्ट लिहा. ही मागणी प्रेक्षकांनीच लावून धरली पाहिजे. वाहिन्या आणि यंत्र बनवणारे ती करणार नाहीत.