कोणी कामावर लावलेच नाही, तर?



द्राक्षमळ्याच्या धन्याचा दाखला (मत्तय, अध्याय २०) आपल्या नाशिककरांना फारसा समजावून सांगावा लागत नाही. द्राक्षाच्या हंगामात पेठ-सुरगाण्याकडची माणसे दिंडोरी-निफाडच्या बागांत कामाला येतात, हे आपण दरवर्षी पाहतो. दाखल्यातील धनी दिवसातून पाच वेळा मजूर शोधायला बाहेर पडतो. दिवस मावळायला आला तरी काही जण चौकात उभेच असतात. का, असे विचारल्यावर ते सांगतात की, आम्हाला कोणी कामावर लावलेच नाही. धनी त्यांना आळशी म्हणत नाही. तो त्यांना मळ्यात पाठवतो आणि संध्याकाळी पूर्ण दिवसाची मजुरी हातावर ठेवतो. घरची चूल तर त्यांचीही पेटायची असते!

आज आपले कितीतरी युवक-युवती त्याच चौकात उभे आहेत. आपल्या वडीलधाऱ्यांनी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, ओझरच्या विमान कारखान्यात, सातपूर-अंबडच्या कंपन्यांत आयुष्य काढले. एकदा पर्मनंट झाले की घर, लग्न, मुलांची शिक्षणे मार्गी लागत. आता आयटीआय झालेल्या मुलाला ठेकेदाराकडे काही महिन्यांचे काम मिळते, मग ब्रेक, मग पुन्हा अर्ज. कोणी मोटारसायकलवरून घरोघर पार्सल पोहोचवतो. त्याला साहेब भेटतच नाही, हुकूम मोबाईलवर येतो. बी.कॉम. झालेली मुलगी पाहते की, जे हिशेब ती शिकली ते संगणक क्षणात करतो. आणि घरात रोज विचारले जाते, ‘अजून कुठे लागले नाही का?’ प्रश्न मायेचाच असतो, पण तो काळजाला लागतो.

यंत्रे आली आणि माणसांची कामे बदलली, असे पूर्वीही घडले आहे. १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोवारुम’ या पत्रातून कामगाराच्या न्याय्य मजुरीची आणि संघटनेच्या हक्काची बाजू मांडली. १९८१ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी शिकवले की, काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या नव्या पोपमहोदयांनी लिओ हेच नाव घेतले. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे मानवी प्रतिष्ठा, न्याय आणि श्रम यांपुढे नवी आव्हाने उभी राहिली आहेत, हे त्यामागचे एक कारण त्यांनी स्वतः कार्डिनलांना सांगितले.

आपल्या शहरातही एक उदाहरण आहे. एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकन मुले शरणपूरला आली. आपल्या प्रोटेस्टंट बांधवांच्या चर्च मिशनरी सोसायटीने त्यांना लिहायला-वाचायला आणि हाताचे कसब शिकवले. त्यांतलाच एक जेकब वेनराईट. १८७३ साली आफ्रिकेच्या रानात डेव्हिड लिव्हिंगस्टन वारले, तेव्हा झाडाच्या खोडावर मृत्यूचा लेख कोरणारा तोच होता. पुढच्या वर्षी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये त्यांची शवपेटी वाहणाऱ्यांत तो होता. ज्याला बाजारात माल म्हणून मोजले, त्याला कोणीतरी बोलावले, शिकवले, आणि तो स्वतःच्या नावाने उभा राहिला.

मग आपण काय करावे?

निवृत्त झालेल्यांनो, ‘आमच्या वेळी’ असे म्हणून थांबू नका. मिस्सेनंतर अर्धा तास एखाद्या मुलाला द्या. ड्रॉइंग कसे वाचायचे, मशीनचा आवाज बिघडला की काय ओळखायचे, मुलाखतीला कसे बसायचे, हे तुमच्याइतके कोण सांगेल?

मुलांनो, एक कसब मुळापर्यंत शिका आणि शिकणे थांबवू नका. नवे यंत्र आले तर त्याला घाबरू नका. ते काय करते आणि काय करू शकत नाही, हे विचारा. ते उत्तर देईल, पण त्या उत्तराची जबाबदारी माणसालाच घ्यावी लागते. नेमणूकपत्र मागा. पी.एफ. भरला जातो का, ते पाहा. ॲपवर काम करत असाल तर ई-श्रमवर नाव नोंदवा. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगारांची दखल घेतली आहे. हक्क मागणे हा उद्धटपणा नव्हे.

आणि ज्यांच्या हाताखाली चार माणसे आहेत, त्या बंधुभगिनींनो, दाखल्यातील धन्याने मजुरी त्याच संध्याकाळी दिली, हे विसरू नका.

धनी पाच वेळा चौकात गेला. आपण निदान एकदा तरी जाऊ या. या आठवड्यात काम शोधणाऱ्या एका मुलाशी किंवा मुलीशी बोला. फक्त चौकशी करू नका, सोबत करा.

नासरेथच्या कार्यशाळेत येशूला सुतारकाम शिकवणाऱ्या संत योसेफा, आमच्या मुलांच्या हातांना काम आणि आम्हा मोठ्यांना त्यांना बोलावण्याची बुद्धी मिळावी म्हणून आमच्यासाठी विनंती कर. आमेन.