नमुन्याचे मोल

नोकरी आणि काम हे दोन शब्द आपण इतक्या सहजपणे एकमेकांच्या जागी वापरतो, की त्या दोहोंत काही अंतर आहे याची आठवण कुणीतरी करून द्यावी लागते. बदलीच्या हुकुमावर जगलेल्या आमच्यासारख्या माणसांना तर ती विशेषच करून द्यावी लागते. नेमणुकीचे पत्र, वेतनश्रेणी, ज्येष्ठतेची यादी आणि अखेरीस निवृत्तिवेतन, या चार खांबांवर आमची आयुष्ये उभी राहिली. या खांबांवाचूनही एखादे आयुष्य उभे राहू शकते, हे आम्ही वाचले होते. शेजारच्या घरात पाहिले नव्हते.

ते पाहण्याचा योग गेल्या पावसाळ्यात आला. भिलाईच्या स्मृति नगरात आमच्या घरापासून चार घरे सोडून एक मराठी कुटुंब राहते. गृहस्थ पोलादाच्या कारखान्यात अधिकारी होते. त्यांची मुलगी डिझाइनचे रीतसर शिक्षण घेऊन घरी आली आणि काम शोधू लागली. एका संध्याकाळी ती आमच्याकडे आली, तेव्हा तिच्या हाती एका व्यापारी संस्थेचे पत्र होते. संस्थेला आपल्या मालाच्या वेष्टनासाठी नवी रचना हवी होती. पत्राचा आशय असा, की आपण पाच नमुने करून पाठवावेत. पसंत पडल्यास एक घेऊ आणि पुढील कामाचा विचार करू. न पडल्यास आम्ही काही देणे लागणार नाही. "काका, पाठवू का?" तिने विचारले. तिच्या वडिलांचे मत ती घेऊन आलीच होती: नेमणुकीचे पत्र येत नाही तोवर ही बेकारीच, मग रिकामे बसण्यापेक्षा नमुने केलेले काय वाईट? आम्हीही मान डोलावली. म्हणालो, "पाठव. उमेदवारीत एवढे सोसावेच लागते."

ती गेली, परंतु त्या रात्री आमचे उत्तर आम्हांलाच टोचू लागले. ते का टोचले याचा शोध घेतल्यावाचून गत्यंतर नव्हते.

डिझाइन या शब्दाला मराठीत एकच एक प्रतिशब्द नाही. नक्षी म्हणावे तर ती वरून चढविलेली. आराखडा म्हणावा तर तो कागदावरला. घडण म्हणावी तर ती वस्तूच्या अंगातली. आम्हांला घडण हाच शब्द सर्वांत जवळचा वाटतो. वस्तू कशासाठी आहे, ती कुणाच्या हाती जाणार आहे आणि ती कशाची करावयाची आहे, या तिन्ही प्रश्नांचे एकच उत्तर आकारातून देणे म्हणजे घडण. भिलाईत राहणाऱ्यास याचे उदाहरण दूर शोधावयास नको. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार होऊन येथे कारखाना उभा राहिला, १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि १९६० पासून येथून रेल्वेचे रूळ बाहेर पडू लागले. त्या रुळाचा छेद पाहावा. चाकाची झीज सोसण्यासाठी माथा जाड, धातू वाचविण्यासाठी कंबर बारीक, भार पसरविण्यासाठी पाय रुंद. त्यात सुशोभनासाठी म्हणून काहीही नाही आणि तरीही तो आकार डोळ्यांना सुखावतो.

हा आकार कुणी काढला? रॉबर्ट स्टीव्हन्स नावाचा एक अमेरिकन गृहस्थ १८३० साली रूळ खरेदी करण्यासाठी इंग्लंडला निघाला असता त्याने हा घाट कल्पिला. जहाजावर लाकडाचा तुकडा कोरून त्याने तो निश्चित केला, असे सांगतात. पुढे चार्ल्स विन्योल्स या अभियंत्याने त्याचा इंग्लंडात पुरस्कार केला आणि युरोपात त्या रुळाला नाव पडले ते विन्योल्सचे. ज्याने घडण केली त्याच्याऐवजी ज्याने ती लोकांपुढे मांडली त्याचे नाव राहिले. आमच्या भिलाईत तर हजारो हातांनी लक्षावधी टन रूळ घडविले, आणि त्यांपैकी किती जणांना या दोघांपैकी एकाचे तरी नाव ठाऊक असेल, याची शंकाच आहे. गाडी त्यावाचून अडत नाही.

येथेच एक मोहक विचार मनात शिरतो. गाडी अडत नाही, तर नावाचा आणि मोलाचा एवढा अट्टाहास कशासाठी? भारत सरकारने पाचारण केलेल्या चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ मध्ये एक अहवाल सादर केला. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ मध्ये निघाली ती त्याच्याच पाठोपाठ. त्या अहवालात त्यांनी आदर्श म्हणून निवडला तो आपला साधा लोटा. त्यात पाणी किती मावावे, तो भरलेला असता आणि रिता असता तोल कसा राहावा, कमरेवर, हातात, डोक्यावर तो कसा बसावा, धार कशी पडावी, घासावयास तो कसा सोयीचा व्हावा, या साऱ्यांचा विचार त्या एका आकारात सामावला आहे, आणि तो कोणा एकाने केलेला नाही. पिढ्यांनी केला आहे. अजिंठ्याच्या भिंती रंगविणाऱ्यांनीही आपल्या सह्या केल्या नाहीत. मग आजच्या शिकलेल्या मुलीने पाच नमुन्यांचा हिशेब का मांडावा? कर्म करावे, फळाची आशा धरू नये, हे तर आपल्या बाळकडूतच आहे.

या विचाराला आम्ही काही काळ भुललो, कारण तो आम्हांला परिचित होता. सरकारी नोकरीतला माणूसही निनावीच असतो. टिपणाच्या कडेला दोन अक्षरांची सही, तीही धारिकेबरोबर अभिलेखागारात जाऊन पडणारी. त्याने आखलेल्या रस्त्यावरून लोक जातात, त्याने सुचविलेल्या नियमाने लोकांची कामे होतात. नाव कुणाचेच नसते. त्याबद्दल आम्ही कधी कुरकुर केली नाही, उलट त्यात एक प्रकारची धन्यता मानली. परंतु जरा खोल जाऊन पाहता ध्यानात आले, की आमचा निनावीपणा पहिल्या तारखेला पगार घेत होता. फळाची आशा न धरण्याचा उपदेश आम्ही स्वतःला केला, तो फळ ठरल्या दिवशी घरी पोचत असताना. निष्काम कर्म हा माणसाने स्वतःला करावयाचा उपदेश आहे. तोच दुसऱ्याला, आणि तोही त्याचे देणे द्यावयाची वेळ आली असता केला, म्हणजे त्याचे रूपांतर सोयीस्कर लबाडीत होते.

लोट्याची गोष्टही तशीच पूर्णपणे सांगितली पाहिजे. जुन्या गावगाड्यात ज्यांनी गावाची अवजारे आणि भांडी घडविली त्यांचे नाव वस्तूवर नसे, हे खरे. पण सुगीला खळ्यावर त्यांचे बलुते ठरलेले असे. त्या वर्षी नांगर मोडो वा न मोडो, सुताराचा वाटा त्याला मिळावा अशी रीत होती. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. सुताराच्या मुलाला सुतारकीवाचून दुसरी वाट नव्हती, आणि वाटा कमी पडला तर दाद मागावयास जागा नव्हती. त्याला भाकर होती, निवड नव्हती. आजच्या मुलीला निवड आहे, भाकरीची हमी नाही. निनावीपणा मात्र आपण तिला जुन्या काळातला देऊ पाहतो, आणि बलुते तेवढे विसरतो.

म्हणजे प्रश्न नाव असावे की नसावे हा नव्हेच. प्रश्न हा, की ते सोडण्याचा अधिकार कुणाचा? आपल्या राज्यघटनेच्या हस्तलिखित प्रतीचे उदाहरण या दृष्टीने मोठे उद्बोधक आहे. इंग्रजी प्रत लिहिणारे प्रेम बिहारी नारायण रायजादा यांनी मोबदला नाकारला. मागितले ते एवढेच, की प्रत्येक पानावर आपले आणि अखेरच्या पानावर आपल्या आजोबांचे नाव असावे. ती मागणी मान्य झाली. हिंदी प्रत लिहिली वसंत कृष्ण वैद्य यांनी, आणि तिचा हातकागद पुण्याहून गेला होता. तरी हे नाव किती मराठी घरांत ठाऊक आहे? रायजादांनी पैसा सोडला, नाव ठेवले. दुसरा एखादा नाव सोडील आणि पैसा ठेवील. तिसरा, कार्यावरच्या निष्ठेने, दोन्ही सोडील. तिन्ही मार्ग सन्मानाचे आहेत, कारण सोडणारा स्वतः सोडतो आहे. देणाऱ्याने दिले म्हणजे ते दान. न विचारता काढून घेतले म्हणजे ते दान राहत नाही.

या व्यवसायात माणूस उभा कसा राहतो, याची उदाहरणे आपल्याकडे नाहीत असे नाही. जावजी दादाजी लहान वयात मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामावर लागले. एकेका छापखान्यात मजुरी करीत ते कसब शिकले, १८६४ मध्ये त्यांनी स्वतःचा खिळ्यांचा कारखाना काढला, १८६९ मध्ये 'निर्णयसागर' छापखाना उभा केला, आणि त्यांच्या देवनागरी अक्षरांचे वळण साऱ्या देशाने नावाजले. त्या अक्षरांचे ठसे कोरणारे राणोजी रावजी आरू यांचे नाव मात्र जाणकारांपलीकडे गेले नाही. आपल्या काळात र. कृ. जोशी जाहिरातीच्या धंद्यात काम करीत करीत अक्षरांकडे वळले, पवईच्या आयआयटीतील औद्योगिक डिझाइन केंद्रात त्यांनी शिकविले, आणि 'मंगल' हा संगणकावरला टंक घडविला. बदलीच्या गावी बसून ज्यांनी संगणकावर हिंदी वा मराठी पत्रे काढली, त्यांतल्या कित्येकांच्या सहीच्या वरची अक्षरे अनेक वर्षे त्यांचीच होती. या दोन्ही चरित्रांत एक गोष्ट समान दिसते. शिकण्याच्या काळातही त्यांना कामाची मजुरी मिळत होती. उमेदवारी म्हणजे कमी मजुरी असेल. उमेदवारी म्हणजे फुकट काम नव्हे. आम्ही मुलीला दिलेले उत्तर चुकले ते येथे.

यावर व्यापाऱ्याची बाजू अशी, की नवख्याची पारख कशी करावी? आक्षेप रास्त आहे. पण त्याचे उत्तर कुंभाराने केव्हाच दिले आहे. तो बाजारात आपली मडकी मांडतो. गिऱ्हाईक ती वाजवून पाहते, आवडले तर घेते, नाही तर पुढे जाते. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी पाच मडकी भाजून आण, त्यांतले एक पटले तर बघू, असे त्याला कुणी म्हणत नाही. केलेले काम हीच पारखीची जागा. त्याउपर खास आपल्यासाठी काही करवून पाहावयाचे असेल, तर ते कामच झाले आणि कामाला मोल आहे, मग ते थोडके का असेना.

परंतु एवढे म्हणून भागत नाही. तिने नकार दिला तर फुकट नमुने देणारे दहा जण रांगेत उभे आहेत, हे आम्हांला दिसते. दुसऱ्याच्या उपजीविकेवर उभारलेले तत्त्व फार स्वस्त असते. तिने बाणेदारपणे पत्र फाडावे असे निवृत्तिवेतनाच्या छायेत बसून आम्ही सांगणे, हे आमच्या पहिल्या उत्तराहून फारसे निराळे झाले नसते. तेव्हा या बाबतीतला धर्म काम मागणाऱ्यापेक्षा काम देणाऱ्याकडे अधिक आहे, या निष्कर्षाशी आम्ही आलो, आणि तेथेच आम्हांला कपाटातली एक स्मरणिका आठवली.

पुष्कळ वर्षांपूर्वी, आम्ही दुसऱ्या एका गावी असता, तेथील मराठी मंडळाचा रौप्यमहोत्सव झाला. स्मरणिकेचे काम आमच्याकडे होते. वस्तीतल्या एका होतकरू तरुणाकडून आम्ही मुखपृष्ठाची सात चित्रे करवून घेतली. प्रत्येक वेळी समितीतले कुणीतरी म्हणे, जरा निराळे पाहू. आणि तो निराळे करून आणी. अखेर पहिलेच चित्र छापले. समारंभात त्याला नारळ दिला. स्मरणिकेत जाहिरातदारांची नावे आहेत, समितीची आहेत, मंडप घालणाऱ्याचे आहे. त्याचे नाही. छपाईचे बिल आम्ही घासाघीस न करता चुकते केले होते, कारण छापखानेवाला बिल पाठवीत असे. या तरुणाने बिल पाठविले नव्हते. त्याने ते पाठवावे असे त्याला वाटू नये, एवढी व्यवस्था आमच्या कौतुकाने केली होती. तो पुढे काय झाला, आम्हांला ठाऊक नाही. त्याने चित्रे काढणे सोडले असेल, तर त्यात आमच्या नारळाचा वाटा किती, हेही आता कळावयाचे नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मुलीकडे गेलो आणि आमचे उत्तर परत घेतले. ती हसून म्हणाली, "काका, मी पाठवले नव्हतेच." तिने त्या संस्थेला आपली आधी केलेली तीन कामे पाठविली होती, आणि खास नमुना हवा असल्यास एकाचे किती घेईन तो आकडा लिहिला होता. आकडा लहान होता. तिच्या वडिलांनी तो पाहून, "एवढ्यासाठी हातचे काम घालवशील," असे म्हटले होते. तरी पाकिटावरचा पत्ता त्यांनीच तपासून दिला होता.

त्या पत्राचे उत्तर हे लिहीपर्यंत आलेले नाही. येईलच असे सांगता येत नाही. आमच्या येथील मंडळाच्या दिवाळी अंकाचे अंदाजपत्रक मात्र मागल्या आठवड्यात बैठकीपुढे आले, तेव्हा आम्ही त्यात कागद, छपाई आणि टपाल यांच्या खाली एक नवी ओळ घालावयास लावली. मुखपृष्ठकाराचे मानधन. एका सभासदाने विचारले, "हे कशासाठी? कुणीतरी हौसेने करीलच की." आम्ही म्हणालो, "हौसेने करणाऱ्याने ते आपणहून सोडावे. आपण मांडावयाचे."

ओळ मंजूर झाली. सात नमुन्यांचे देणे तिने फिटत नाही.