रुईची पानं बांधणाऱ्या शहाण्यास

उभाच राहा. तुझी माय सांगते, कॅन्सरचं ऑपरेशन झालेला स्तन महिनाभरापासून सुजलाय. आणि तू, माझ्या हाताखाली दहावी झालेला पोरगा, रुईची पानं गरम करून बांधायला सांगतोस? वरून तेल लावून जोरात चोळायचं, हेही तूच सुचवलंस म्हणे. रेडिएशन घेतलेली कातडी आधीच नाजूक. तिच्यावर रुईचा चीक आणि गरम शेक! बाप्पा, वैऱ्यालाही कुणी असं करत नाही.

तिच्या काखेतल्या लसीकाग्रंथी काढल्यात, हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलंय. वाचलंस कधी? स्तनातलं पाणी त्याच वाटेनं निघतं. ग्रंथी गेल्या, उरलेल्या बारीक वाहिन्या रेडिएशननं आखडल्या. नाली बुजली की सोयाबीनच्या वावरात पाणी तुंबतं, हे तुला बरोबर कळतं! स्तन जड होतो, कातडी जाड होते, ब्लाउजचे वळ उठून राहतात. पूर्वी अख्खा स्तनच काढत, म्हणून हे दुखणं फारसं कानावर येत नसे. मिलानचे सर्जन उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी १९८१ मध्ये दाखवून दिलं की गाठ लहान असेल तर स्तनाचा तेवढाच भाग काढून रेडिएशन दिलं तरी बाई तितकीच जगते. तुझ्या मायचा स्तन त्यामुळे वाचला. वाचला तर त्याच्याकडे बघायला नको?

बहुतेकींची सूज वर्ष-दोन वर्षांत ओसरते. हे ऐकून लगेच हुश्श करू नकोस. लाली आली, हाताला गरम लागलं, ताप भरला, तर तो जंतुसंसर्ग. अँटिबायोटिक त्याच दिवशी सुरू व्हायला हवं. गोळ्या घेऊनही लाली हटली नाही, नवी गाठ लागली, बोंड आत ओढलं गेलं, तर कॅन्सर परतलाय का हे मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि वेळ पडली तर तुकडा काढून बघावं लागतं. वरून सगळं सारखंच दिसतं. तू डॉक्टर नाहीस, मीही नाही. मग मानोऱ्यात घरी बसून निकाल कुणी लावला?

म्हणे, ‘बाई, तशा जागेबद्दल मायशी कसं बोलू?’ रामनवमीला पोहरादेवीच्या गर्दीत उन्हात तासन्‌तास उभा राहतोस, आणि दवाखान्यात मायशेजारी बसायला लाजतोस! बायको आहे घरात, आशाताई आहे गावात. एकीलाही विचारलं नाहीस. माय लपवत राहिली, कारण विषय निघाला की तू तोंड फिरवतोस हे तिला ठाऊक आहे.

आता ऐक. पानं फेकून दे, चोळणं बंद. या सुजेसाठी मालिश असते, पण अगदी हलक्या हाताची, आणि ती जाणकार फिजिओथेरपिस्टकडूनच शिकून घ्यायची. आधार देणारी, न काचणारी ब्रा कोणती, तेही त्यांनाच विचारायचं. कपाशी वेचताना ऑपरेशनच्या बाजूच्या हाताला ओरखडा उठला तर लगेच धुवायचा, झाकायचा. आणि उद्या पहिल्या गाडीनं, जिथं रेडिएशन झालं तिथं तिला घेऊन जा. ऑपरेशनचे कागद, बायोप्सीचा रिपोर्ट, रेडिएशनचं कार्ड फायलीत लाव. सूज कधीपासून, असं डॉक्टरांनी विचारलं तर खरं सांग. रुईच्या पानांचंही सांग.