मोकळी केलेली जागा

माझा भाचा पनागरला घरी बसून जीडीबीवर काम करतो. जीडीबी हा डीबगर, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणारा प्रोग्रॅम. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८६मध्ये लिहिला, आणि आजही ठिकठिकाणची माणसं त्याची डागडुजी करत असतात. जानेवारीत मी बहिणीकडे गेले तेव्हा ओसरीत मटाराचं पोतं पडलेलं होतं (त्या दिवसांत या भागात दुसरं काही दिसतच नाही). आम्ही दोघी सोलत होतो आणि भाचा वैतागला होता. चुका शोधणाराच मधेच कोसळत होता.

"मावशी, सोडून दिलेली जागा कुणीतरी अजून वापरतंय," तो म्हणाला.

मी तुलनात्मक साहित्य शिकलेली, अनुवादावर पोट भरणारी बाई. मला त्याने समजावलं ते असं. प्रोग्रॅम मेमरीतली थोडी जागा मागून घेतो, काम झालं की परत करतो. पण ज्याच्याकडे त्या जागेचा पत्ता लिहिलेला असतो, त्याच्याकडे तो तसाच राहतो. तो पुन्हा तिथे जातो. गंमत अशी की बऱ्याचदा जुना मजकूर अजून तिथे तसाच पडलेला असतो, आणि चूक महिनोन्‌महिने बिनबोभाट चालते. मग कधीतरी ती जागा दुसऱ्याला दिली जाते, आणि हा दुसऱ्याचं सामान आपलं समजून वाचू लागतो. क्रोमियम ब्राउझरच्या अभियंत्यांनी २०२०मध्ये सांगितलं होतं की त्यांच्याकडच्या गंभीर सुरक्षा-चुकांपैकी सुमारे ७० टक्के मेमरी हाताळण्यातल्या असतात, आणि त्यांतल्या निम्म्या या एकाच जातीच्या.

"मग दोष कुणाचा? सोडणाऱ्याचा की वापरणाऱ्याचा?" मी विचारलं.

"जिथे कोसळतं तिथे तर क्वचितच असतो."

ॲड्रेससॅनिटायझर नावाचं साधन आहे. ते अशा वेळी तीन ठिकाणं दाखवतं: जागा कुठे वापरली, कुठे सोडली आणि मुळात कुठे घेतली. शिवाय सोडलेली जागा ते लगेच कुणाला देत नाही, काही काळ बाजूला ठेवतं, कुणी शिवलं की ओरडतं. भाचा त्याला क्वारंटाइन म्हणाला. बहीण मटार सोलता सोलता म्हणाली, "म्हणजे सुतक."

मी हसले, पण माझं लक्ष उडालं होतं. मला एक पत्र आठवलं होतं.

तिथल्याच ओळखीच्या एका मराठी कुटुंबातलं. घरातले आजोबा १९३१मध्ये नागपूरकडून इकडे आले. तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते. १९५६मध्ये राज्यं नव्याने आखली गेली, नागपूर मुंबई राज्यात गेलं, जबलपूर मध्य प्रदेशात राहिलं, आणि भावाभावांमधली पत्रं एका राज्यातून दुसऱ्यात जाऊ लागली. १९५८च्या पत्रात आजोबांनी नागपूरच्या भावाला लिहिलं होतं, "त्याच्या शिक्षेचे मी पाहीन, त्यात कसूर होणार नाही." 'तो' म्हणजे भावाचा बारा वर्षांचा मुलगा, पनागरला काकांकडे राहायला पाठवलेला. अमेरिकेतल्या नातवंडांसाठी मी त्या पत्रांचा इंग्रजी अनुवाद केला. लिहिलं की मुलाला शासन करण्यात हयगय होणार नाही. कुटुंबाच्या मेळाव्यात तो मोठ्याने वाचला गेला. आता पुण्यात राहणारे, ऐंशीला टेकलेले ते 'तो' समोर बसले होते. काही बोलले नाहीत.

पनागरहून परतल्यावर मी बाकीची पत्रं पुन्हा काढली. एका पत्रात 'शिक्षेसाठी दरमहा फी' होती. फी भरून कुणी छड्या खात नाही. सत्तावीस वर्षं हिंदीत राहिलेल्या माणसाच्या डोक्यातून 'शिक्षा' या शब्दातला मराठी अर्थ कधीच निघून गेला होता आणि तिथे हिंदीतलं शिक्षण येऊन राहिलं होतं. शब्दाचा पत्ता तोच. मी कोश हातात घेऊन जुन्याच घराचं दार ठोठावलं, आणि दार उघडलं म्हणून घर तेच आहे असं समजले.

आपण चुकलो हे कळायला काही तरी कोसळावं लागतं. माझं वाक्य कोसळलं नाही, उलट छान वाचलं गेलं. मी प्रामाणिक होते, कोशही बरोबर होता, म्हणून मला दोष नाही असं म्हणावंसं वाटतं. मला ते पटत नाही. आजोबांनी शब्द मोकळा केला हे त्यांनी कुणाला कळवायचं होतं? बोलणारा माणूस असं कळवत नसतो. त्याला स्वतःलाही ते माहीत नसतं. मग चौकशी करण्याचं काम उरतं ते वापरणाऱ्याकडेच, आणि मी तर त्याचेच पैसे घेते.

जीडीबीत २०२२मध्ये यावर एक उपाय केला गेला. थांबवलेल्या प्रोग्रॅमच्या अवस्थेच्या नोंदी प्रोग्रॅम जरा पुढे सरकला की फेकून नव्या कराव्या लागतात, आणि जुन्या नोंदीचा पत्ता धरून बसलेला भाग मग फसतो. आता नुसत्या पत्त्याऐवजी एक छोटी वस्तू दिली जाते. नोंदी फेकल्या की अशा प्रत्येक वस्तूला कळतं की आपला पत्ता बाद झाला. तिच्याजवळ नोंदीची ओळखही ठेवता येते, मग त्या ओळखीवरून नवी नोंद शोधायची. दर वेळी नव्याने शोधायचं म्हणजे वेळ जातो. भाच्याचं म्हणणं, चालतं तेवढं.

मी पुण्याला फोन केला. काका, माझी चूक झाली, त्या वाक्यात शिक्षण होतं, मार नव्हता, असं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता होती.

"फी त्यांनीच भरली, खरं आहे," ते म्हणाले. "पण छडीही खाल्लीय गं मी. तू लिहिलंस ते ऐकून मला वाटलं, चला, काकांनी निदान कबूल तरी केलं होतं."

दुरुस्त केलेलं पान तयार आहे. ते अजून माझ्याच टेबलावर आहे.