कळा सुरू झाल्यावर बैठक कसली भरवता?

सोनपेठच्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनो, आज तुम्ही बाप झालात, काहीजणी सासवा झाल्या, म्हणून बाईंचा तुम्हाला बोलायचा हक्क संपला असं समजू नका. नीट बसा आणि ऐका.

घरातली पोर कळांनी तळमळते आणि तुम्ही ओसरीवर बसून ठरवत राहता, न्यायचं की थांबायचं. आधी सासूला विचारायचं. मग पुण्याला कामाला गेलेल्या नवऱ्याला फोन. तो उचलत नाही म्हणून थोरल्या दिराची वाट. तेवढ्यात कुणीतरी म्हणतं, आज अमावस्या आहे, एवढी रात्र टळू द्या. या सगळ्या गलक्यात जिच्या पोटात कळ उठते तिला मात्र एका शब्दानं कुणी विचारत नाही. शरम वाटली पाहिजे! सोयाबीनच्या मळणीयंत्राला तुम्ही पंधरा दिवस आधी सांगून ठेवता. बाळंतपणाला नऊ महिने मिळाले, आणि गाडी शोधायची कळा सुरू झाल्यावर?

‘आमची सगळी बाळंतपणं घरातच झाली’ हे वाक्य मला पुन्हा ऐकायचं नाही. तुमची झाली. ज्या गेल्या त्या सांगायला इथे बसलेल्या नाहीत. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या आणि मूल दहा दिवसांत गेलं. त्या दुःखातून ती मुलगी सातासमुद्रापार गेली, १८८६ साली डॉक्टर झाली आणि तिनं प्रबंध लिहिला तो प्रसूतिशास्त्रावरच. २०१८-२० च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात लाख जन्मांमागे ३३ माता दगावल्या, देशात ९७. आपला आकडा कमी झाला तो बायका दवाखान्यात जाऊ लागल्या आणि तिथे वेळेत उपचार मिळू लागले म्हणून. तुमच्या ओसरीवरच्या बैठकीनं तो कमी झालेला नाही.

आता रक्ताचं गणित समजून घ्या. भरल्या दिवसांत गर्भपिशवीतून मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त रक्त वाहत असतं. बाळ झाल्यावर, वार पडल्यावर पिशवी घट्ट आवळली गेली, तरच त्या रक्तवाहिन्यांची तोंडं बंद होतात. ती सैल राहिली तर धडधाकट बाईसुद्धा दोन तासांत हातची जाऊ शकते. दवाखान्यात बाळ बाहेर येताच ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात ते याचसाठी. घरी रक्त वाहायला लागलं तर सोनपेठहून परभणीला जायलाच तासाहून जास्त लागतो. अंबाजोगाईचं मोठं रुग्णालय परळीच्याही पलीकडे. पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटेनं डांबरी रस्त्याला लागण्यात किती वेळ जातो, ते तुम्हाला माहीत आहे.

आणि कुणाला तरी घरी बोलावून ‘कळांचं इंजेक्शन’ टोचून घेणाऱ्यांनो, तुमचा मला सर्वांत जास्त राग येतो. बाळ बाहेर येण्याआधी तेच औषध मोजमाप न करता, देखरेखीशिवाय दिलं, तर पिशवी फाटू शकते, बाळ आत गुदमरू शकतं. हा गुन्हा आहे, घाई नव्हे.

निघायचं कधी? पहिलटकरीण असेल आणि कळा पाच-पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या, तासभर येत राहिल्या तर निघाच. दवाखाना लांब असेल तर त्याच्याही आधी. दुसरं-तिसरं बाळंतपण भराभर होतं, तिथे घड्याळ बघत बसू नका. पाणमोट फुटली, तर एकही कळ नसली तरी निघा. अंगावरून रक्त जातंय, डोकं फुटल्यासारखं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येते, झटका आला, बाळाची हालचाल मंदावली, तर उभ्या पावली निघा. आधीचं सिझेरियन, जुळं, वाढलेला रक्तदाब किंवा दिवस पुरे व्हायच्या आधीच कळा, अशा बाईला पहिल्या कळेलाच गाडीत बसवा.

पैशाचं कारण सांगू नका. जून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण मोफत आहे, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण, नेणं-आणणं सगळं धरून. आणायला १०२, जीवावर बेतलं तर १०८. आपल्या ग्रामीण रुग्णालयात शस्त्रक्रियेची सोय कुठल्या वेळी असते आणि नसेल तेव्हा कुठे पाठवतात, हे आठव्या महिन्यात स्वतः जाऊन विचारून या. आशाताई दारात येते तिला चहा पाजून वाटेला लावू नका, तिच्याकडून माता-बाल कार्ड भरून घ्या.

‘तिथे गेलं की पोट फाडतात, नर्सबाई अंगावर ओरडतात.’ ओरडणं चूकच आहे. कळा देणाऱ्या बाईवर आवाज चढवणाऱ्यांचीही मी कानउघाडणी करीन, तुम्हीही लेखी तक्रार करा. सरकारी प्रसूतिगृहात सोबतीला एक बाई थांबू शकते, ते हक्कानं मागा. पोट फाडण्याचा प्रश्न असेल तर डॉक्टरांना कारण विचारा, ते सांगणं त्यांचं काम आहे. पण या भीतीपोटी पोरीला घरात अडवून ठेवणं म्हणजे तिच्या जिवाशी खेळणं.

ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांचं दुखणं वेगळं, तिथे माझा आवाज खाली येतो. उचल घेतलेली असते, कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मोडला तर पैसे कापले जातात, म्हणून ती भरल्या दिवसांची बाई फडात मोळ्या उचलते आणि कोपीत बाळंत होते. मुकादम हो, तुमच्यातलेही कित्येक माझ्याच वर्गात बसलेले आहात. ट्रॅक्टर ऊस वाहायला रात्री-अपरात्री निघतो, मग तिला जवळच्या दवाखान्यात पोचवायला का निघत नाही? आणि बाई गं, दसऱ्यानंतर गाव सोडताना तुझं माता-बाल कार्ड कपड्यांच्या गाठोड्यात नको, कनवटीला ठेव. परजिल्ह्यातल्या डॉक्टरला त्यावरूनच तुझा रक्तगट आणि रक्तदाब कळेल.

निर्णय कुणाचा, हे शेवटचं सांगते. जिला कळा येतात तिचा. ती ‘चला’ म्हणाली की चप्पल घालायची. नवऱ्याची परवानगी लागत नाही, सासऱ्यांची नाही, पंचांगाची तर मुळीच नाही. बाळ झाल्यावरही दोन दिवस तिला तिथेच राहू द्या, शेतात काम आहे म्हणून उचलून आणू नका.

ज्यांच्या घरी आज भरल्या दिवसांची बाई आहे, त्यांनी दिवस मावळायच्या आत गाडीवाल्याशी बोलून घ्यावं, रक्त द्यायला तयार असलेल्या दोघांना सांगून ठेवावं आणि तिच्या उशाशी दवाखान्यात न्यायच्या सामानाची पिशवी भरून ठेवावी.