हातची लेखणी

हातानें केलेली वस्तु म्हटली कीं तिच्याविषयीं मनांत आदर उत्पन्न होतो. परंतु तींत करणाराचें स्वतःचें किती, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाहीं. एका लेखणीनें आम्हांस तो विचारावयास लावला.

मेलबर्न येथें स्थायिक झालेल्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें गेल्या दिवाळींत स्वतः केलेली एक लांकडी लेखणी आम्हांस दिली. तें लांकूड निलगिरीच्या कुळांतील ‘रेड गम’ वृक्षाचें. हा वृक्ष ऑस्ट्रेलियांत नद्यांच्या कांठीं वाढतो. त्याच्या टणक, तांबूस लांकडाचे स्लीपर तिकडे रेल्वेच्या रुळांखालीं घालीत असत. अशाच एका टाकाऊ स्लीपरचा तुकडा घेऊन त्यानें त्यास मधोमध भोंक पाडलें, आंत पितळी नळी चिकटविली, आणि कातारी खेळणें उतरवितो तसा तो लेथवर चढवून पटाशीनें गोल उतरविला. या लांकडाचे रेषे एकमेकांत गुंतलेले असतात. पटाशी किंचित् अधिक खोल गेली कीं कपची उडते व सारे श्रम फुकट जातात. त्याचे पहिले तीन तुकडे असेच फुकट गेले होते.

आम्ही प्रशंसा करूं लागतांच तो म्हणाला, “सर, यांत माझें एवढें वरचें लांकूड. नळी, टोंक, शाईची कांडी सगळें कारखान्यांतलें आहे.”

तो सहज बोलला, पण तें आमच्या जिव्हारीं लागलें. कांहीं वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्यानें निबंधांत एका ग्रंथांतील उतारा नांव न देतां उतरविला, म्हणून आम्ही त्यास शून्य गुण दिले होते. त्याच वर्षीं आमचीं व्याख्यानें इंग्रजी ग्रंथांच्या आधारावर उभीं होतीं, आणि त्यांची स्तुति ऐकतांना त्या ग्रंथकारांचीं नांवें आमच्या ओठीं आलीं नाहींत.

उसनें घेतल्यावांचून कोणास लिहितां येतें, असें कोणी म्हणेल. तें खरेंच आहे. भाषा पूर्वजांची, विचार बहुधा गुरूंचे; आपली असते ती वरची घडण, आणि तिलाही श्रम पडतातच. दोष उसनें घेण्यांत नाहीं, तें झांकण्यांत आहे. या वृक्षाच्या ‘युकॅलिप्टस’ या शास्त्रीय नांवाचा ग्रीक अर्थ ‘चांगलें झांकलेलें’ असा आहे, कारण त्याच्या कळीवर टोपण असतें. फूल उमलतांना मात्र तें गळून पडतें.

त्या विद्यार्थ्याचें शून्य आतां बदलतां येणार नाहीं. यंदाच्या पहिल्या व्याख्यानाचा आरंभ मात्र आम्ही त्या ग्रंथकारांच्या नांवांनीं केला.