फुकट ऐकण्याचें मोल

रत्नागिरीस ओसरीवर बसून नभोवाणी ऐकतांना हा उद्योग प्रथम कोणीं आरंभिला, हें आम्हांस क्वचितच स्मरतें. २३ जुलै १९२७ रोजीं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीनें मुंबईचें केंद्र सुरू केलें. भांडवल सहा लक्षांचें; परवान्याची वार्षिक फी दहा रुपये. तथापि ती चुकवून ऐकणारेही पुष्कळ निघाले. मार्च १९३० मध्यें कंपनी बुडाली. नभोवाणी सरकारच्या हातीं गेली व दीर्घकाळ तेथेंच राहिली.

चोरून ऐकणारा स्वतःस चोर मानीत नव्हता. त्याच्या ऐकण्यानें शेजाऱ्याचें कांहीं उणें होत नव्हतें. मग घेतल्यानें जें सरत नाहीं, त्याचें मोल देणें लागतें काय? आमच्या मतें लागतें. एका घागरीनें विहीर आटत नाहीं, हें खरें; परंतु खणणाराच बुडाला, तर पुढची विहीर कोण खणील?